राहणीमान

बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाले
त्याला नऊ वर्षं झाली. तरी अजून
नोट हातात आली की आधी उजेडात धरतात,
किंमत नंतर.
चौतीस वर्षं नोटा छापल्या,
रोज संध्याकाळी गेटवर खिसे उलटे करून दाखवले,
आणि एक तारखेला त्यातल्याच थोड्या
सही करून घरी आणल्या.

गाबोरला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला,
माझे वडील पोलादाच्या कारखान्यात.
आधी कारखाना गेला, मग वडील.
मी भाषांतर केलं. बाबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला,
त्याचं करावं लागलं नाही.

आमच्या गावाचं नाव मिश्कोल्त्स.
बाबा 'मिश्कील' म्हणतात.
चार वर्षांत मला ते इतकं लागू पडलेलं
दुसरं काही सापडलेलं नाही.

अहिरेकाकू आल्या, सोफ्याच्या कडेवर टेकल्या.
"बंगला असेल ना गं?"
सत्तेचाळीस चौरस मीटर, काकू. सहावा मजला.
लिफ्ट आहे, चालू असते तेव्हा.
काकूंनी मनात फूट केले नि गप्प झाल्या.
त्यांच्या मुलाचा पाथर्डी फाट्याला थ्री बीएचके आहे.
"आणि कामाला बाई?"
बाई मीच.
"संडाससुद्धा?"
बुधवारी मी, शनिवारी गाबोर.
काकू अर्धा चहा ठेवून उठल्या.
रात्रीपर्यंत जेलरोडला कळलं असणार
की प्रेसवाल्यांच्या पोरीचं तिकडे काही खरं नाही.

त्यांना सांगायचं राहिलं
की रात्री अकराच्या ट्रामने मी एकटी घरी येते, कानात गाणी लावून.
हेही राहिलं की जिन्यात सगळे नमस्कार करतात
आणि चार वर्षांत एकाही दाराने
चहाला ये म्हटलेलं नाही.
जानेवारीत हीटिंगचं बिल येतं
तेव्हा आम्ही घरात कानटोप्या घालून जेवतो.

बाबांनी जुन्या डायरीत रेघ मारली.
डावीकडे नाशिक, उजवीकडे मिश्कील,
वर ठळक अक्षरात: राहणीमान.
गाबोर मराठी शिकतोय. त्याने विचारलं,
ह्यातलं मान कोणतं?
मोजायचं, द्यायचा, की खाली घालायची?
बाबा म्हणाले, "जावईबापू, बटाट्यापासून सुरू करू."

बटाटे. दूध. कटिंग दाढीसकट.
एका रुपयाला चार फोरिंट, मी म्हटलं.
बाबांनी चष्म्यावरून पाहिलं.
"म्हणजे आपला मोठा?"
दुपारी भाजीवाल्याला सांगून आले,
तिकडे तुझी मेथी चाळीसची होईल.

पाण्याच्या ओळीशी पेन अडलं.
इथे पहाटे चाळीस मिनिटं येतं,
गाबोर शिट्टी वाजवत पिंपं भरतो,
त्याला ते सुट्टीतलं साहस वाटतं.
ते कुठल्या रकान्यात टाकायचं?
आणि आईच्या गुडघ्याचं बिल
उजवीकडे शून्य येत होतं, पण सात महिने थांबून.

"कामवालीचं किती लिहू?"
छबाबाई ओल्या हातांनी दारात आली.
"तिकडं भांड्यावालीला काय देत्यात, ताई?"
मी तासाचा आकडा सांगितला.
तिने बोटांवर मोजला, मग पुन्हा पहिल्यापासून.
"मग ऱ्हाती कुठं ती?"
आमच्याच इमारतीत. तिसऱ्या मजल्यावर.
छबाबाई हसली.
मी गंमत केली असं समजून हसली,
आणि आत जाऊन नळ सोडला.
बराच वेळ नुसतं पाणीच वाजत होतं.

ती ओळ कोरीच आहे.

निघायच्या आदल्या रात्री गाबोरने पाकिटातून
पाचशे फोरिंटची नोट काढून बाबांना दिली, आठवण म्हणून.
बाबा उठून ट्यूबलाइटखाली गेले.
पाण्यातला चेहरा पाहिला, धागा पाहिला,
कडेवरून अंगठा फिरवला,
कानाशी नेऊन कडक वाजवली.
"कागद चांगलाय," म्हणाले. "कापूस."
सव्वाशे रुपये होतात, मी म्हटलं.
त्यांनी नोट डायरीत घातली, रेघेवर,
आणि आकडा लिहिला नाही.